बकरी पडली होती

पोळा जवळ आला की आमच्या भिलाईत, सुपेल्याच्या बाजारात मातीचे बैल येतात. गेरूने रंगवलेले, पायांना चाकं लावलेले, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. पावसाची सर आली की विकणाऱ्या बायका त्यांच्यावर प्लास्टिक ओढतात, ऊन पडलं की काढतात. नात लहान होती तोवर मी दरवर्षी एक जोडी आणायचो. आता ती कॉलेजात जाते आणि तिला बैल नको, स्कूटी हवी असते. यंदा पोळ्याच्या आठवड्यात ती त्या स्कूटीसकट चिखलात आडवी झाली. गुडघा थोडा खरचटला, बाकी काही नाही; पण स्कूटी काही केल्या सुरू होईना. आम्ही आजोबा-नात ती ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेलो. त्याने हात लावायच्या आधी विचारलं, "गिरी थी क्या?"

"हाँ ना अंकल, एकदम धडाम से," असं म्हणून ती हसली.

मेकॅनिकही हसला आणि दहा मिनिटांत त्याने गाडी चालू करून दिली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. घरी येताना नातीने विचारलं, "आजोबा, आप इतना चुप क्यों हो?" मी म्हणालो, पाय दुखतात. माझ्या वयाच्या माणसाला हे एक उत्तर कुठेही चालतं. खरं म्हणजे मला तिचा हेवा वाटला होता. हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता, असाच पोळ्याच्या सुमाराला, आणि मी 'नाही' म्हणालो होतो.

तो पावसाळा भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या आधीचा. आज जिथे सेक्टर आहेत, झाडं आहेत, शाळेच्या बसगाड्या आहेत, तिथे तेव्हा नुसता चिखल होता. साधा नव्हे, दोन जातींचा. सडकेवर मुरुमाचा तांबडा आणि शेतातला काळा, चिकट, चप्पल गिळणारा. दिवसभर कुठेतरी जमिनीत खांब ठोकत असायचे. त्याचा धप्प धप्प आवाज जेवताना ताटातल्या वरणात दिसायचा. पत्र्याच्या बराकींवर पाऊस पडला की बोलणं बंद, हातवारे चालू. ओलं सिमेंट, डिझेल, बराकीमागे शिजणारा भात आणि वाळत घालूनही न वाळलेले कपडे, या सगळ्यांचा मिळून एक वास होता. तो पुन्हा कुठे आला नाही. आला तर मी डोळे मिटून सांगेन, हा भिलाईचा श्रावण.

आम्ही तुमसरकडचे, धानाची शेती करणारे. दादा आधी आला, लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या इरेक्शनच्या गँगमध्ये फिटर झाला, मग मला आणि वहिनीला घेऊन आला. मला त्याने हेल्पर म्हणून चिकटवलं. मी एकवीस वर्षांचा होतो आणि अक्कल त्याच्या निम्म्या वयाची. दादा उंच, आवाज भारी, मिशी त्याहून भारी. कामावर त्याचा एक कायदा होता. कुठलंही यंत्र बंद पडलं की तो आधी चालवणाऱ्याला विचारायचा, काय झालं होतं? पडलं का, आपटलं का, पाणी गेलं का? खरं सांगणाऱ्यावर तो कधी ओरडत नसे. "पहिले इचार, मंग पाना उचल," असं म्हणायचा. दुसरा कायदा याहून कडक होता. खोललेलं यंत्र पुन्हा जोडून बंद करताना आत काही राहता कामा नये. एकदा कुणीतरी पाईप जोडताना आत चिंधी विसरला होता आणि दाब दिल्यावर तो पाईप फुटून दादाच्या जोडीदाराचा हात गेला होता. तेव्हापासून, हातातलं काम अर्धवट सोडून जाणाऱ्या माणसाला दादा माफ करत नसे. तो माणूस सख्खा असला तरी.

या दादाकडे एक फटफटी होती. एका ठेकेदार कंपनीचा साहेब बदलून जाताना त्याच्याकडून घेतलेली. इतकी ठेंगणी, की दादा तिच्यावर बसला की गुडघे हँडलच्या वर यायचे. अख्खी बराक तिला बकरी म्हणायची. तिचा आवाजही तसाच, चढाला लागली की में में करायची. दादा सकाळी निघाला की लोक ओरडायचे, "फिटरसाहेब, बकरी चरायले चालली का?" दादा मिशीतल्या मिशीत हसायचा. बकरीला हात लावायची मात्र कुणाला परवानगी नव्हती. मला तर नव्हतीच.

हात लावू शकणारा एकच माणूस होता. समारू. अहिवाऱ्याकडच्या एका खेड्यातला छत्तीसगढी गडी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. सुपेल्याला एका झाडाखाली सायकली दुरुस्त करायचा, कुणी आणला तर पंप खोलायचा. शाळा पाहिलेली नाही, कुणी शिकवलेलं नाही. इंजिन चालू करून तो मान तिरपी करून ऐकत राहायचा, घरातलं कुणी आजारी असावं तसा, आणि मग नेमकं तिथेच बोट ठेवायचा. दादाला त्याचं भारी कौतुक. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने बकरीचा कार्बोरेटर साफ केला, सगळी गाडी फडक्याने पुसली आणि आमच्या बराकीपर्यंत ती हातात धरून, चालत आणून दिली. मी विचारलं, चालवत का नाही आणली? तर म्हणाला, "धोय हंव भइया, चिखला लग जाही." धुतलेली गाडी चिखलाने भरेल म्हणून हा माणूस पाऊण मैल पायी आला होता.

दादाने तेव्हाच त्याला सांगितलं, "सोमवारी सकाळी ये. ठेकेदाराच्या गॅरेजात माणूस पाहिजे त्याइले. मी बोलतो तुह्यासाठी." दादाच्या शब्दाला तिथे वजन होतं.  समारू गाडीवरचा नसलेला डाग पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी पोळा. दादा धुतलेली बकरी घरीच ठेवून पायी ड्यूटीवर गेला होता; कारखाना उभा राहत होता, त्याला सणवार नव्हते. वहिनी पुरणाला बसली होती. आणि मला पलीकडच्या भिलाई-३ या वस्तीची आठवण येत होती. तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये नागपूरकडचं एक कुटुंब राहायचं, वडील गाड्यांना झेंडी दाखवणारे. त्यांच्या मुलीला, कुसुमला, आम्ही पंधरवड्यापूर्वी पाहून आलो होतो. त्यांचा निरोप यायचा होता. पाहायला गेलो तेव्हा मी दादाच्या मागे मान खाली घालून बसलो होतो. त्यामुळे तिने मला पाहिलं की नुसती माझी टाळू पाहिली, अशी मला शंका होती. एकदा फटफटीवरून त्यांच्या दारासमोरून जावं, एवढीच माझी इच्छा. काही बोलायचं नाही, थांबायचं नाही, फक्त जायचं.

गेलो. बकरी कुणाला न कळत ढकलत सडकेपर्यंत नेली; केसांना तेल, अंगात लग्नासाठी राखून ठेवलेला शर्ट. पाऊस उघडला होता, शेतात धान पोटरीला आलं होतं आणि वाऱ्याबरोबर हिरवा वास येत होता. आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे, हेही सांगितलं पाहिजे. क्वार्टरच्या वळणावर मी रुबाबात एक हात सोडला आणि बकरी खालून निसटली. मी एकीकडे, ती दुसरीकडे, कडेच्या डबक्यात, चाकं वर. उठून पाहतो तो टाकीचं तोंड काळ्या चिखलात रुतलेलं आणि पेट्रोल झिरपून पाण्यावर निळे-जांभळे रंग पसरलेले. कुणी पाहिलं का, म्हणून मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग गाडी उचलली. हा क्रम माझ्या लक्षात राहिला आहे.

किक मारली, लागेना. पेट्रोल इंजिनात जास्त गेलं असणार, एवढं दादाकडून ऐकून कळत होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लग काढला, त्या लग्नाच्या शर्टाने पुसला, मोकळ्या किका मारल्या, प्लग पुन्हा लावला. धूर ओकत बकरी सुरू झाली आणि मी देवाचं नाव घेतलं. फर्लांगभर गेलो आणि ती बंद. झाकण काढून पाहिलं, पेट्रोल आहे. झाकण लावलं, किक मारली, सुरू. पुन्हा फर्लांगभर, पुन्हा बंद. असं करत, चालवत, ढकलत, भिजत बराकीपर्यंत आलो. वरून आलेल्या पावसाने मला आणि तिला दोघांनाही धुऊन काढलं. पावसामुळे सगळे आत होते; ती जिथे होती तिथे उभी केली. रात्रीत सुकेल, सकाळी नीट होईल, असं मनाला सांगितलं. पुरणपोळी खाल्ली, तीही तीन.

सकाळी दादा बकरी घेऊन बाजाराला निघाला आणि अर्ध्या तासाने ढकलत परत आला. त्याने कायद्याप्रमाणे आधी विचारलं, "तू नेली होती का रे?"

"नाई दादा."

ते मी इतक्या पटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. भीती दादाच्या माराची नव्हती. खरं सांगणाऱ्याला तो मारत नसे, हे मला माहीत होतं. भीती ही होती की पोळ्याच्या दिवशी, सासर व्हायच्या घरासमोर, नवरदेव डबक्यात पडला ही गोष्ट तासाभरात सगळ्या बराकींत आणि संध्याकाळपर्यंत भिलाई-३ ला जाईल. लोक हसतील आणि लग्न मोडेल. एकविसाव्या वर्षी लोकांच्या हसण्याएवढं मोठं दुसरं संकट नसतं.

तो रविवार होता. सुट्टीवर असलेली सगळी मंडळी बकरीभोवती जमली. जो तो आपापल्या खात्याचा. शेजारच्या इलेक्ट्रिशियनला करंटवर संशय, त्याने प्लग बदलला. वेल्डर म्हणाला, नळी चोंदली. दादा स्वतः फिटर, त्याने कार्बोरेटर खोलला. तो आरशासारखा स्वच्छ होता. प्रत्येकाने आपली विद्या पाजळली. दर वेळी कुणीतरी झाकण उघडून पेट्रोल पाहायचा, दर वेळी बकरी सुरू व्हायची, सगळे "झालं, झालं" म्हणायचे आणि ती नळापर्यंत जाऊन मरायची. एवढे मोठे क्रेनचे मनोरे उभे करणारी माणसं, त्या बकरीपुढे कपाळाला हात लावून बसली. मी सगळ्यांना चहा देत फिरत होतो.

शेवटी समारूला निरोप गेला. तो आला, नवं धोतर नेसून. दुसऱ्या दिवशीच्या गॅरेजसाठी काढलं असावं. त्याने पाना मागितला नाही. गाडी फिरवून आणायला सांगितलं, ती बंद पडल्यावर जवळ गेला आणि टाकीचं झाकण हळूच सैल केलं. सूं असा आवाज झाला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "ढक्कन खोलथव त चलथे," तो म्हणाला. झाकण उघडता तेव्हा चालते. मग त्याने झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरलं. त्याच्या मधोमध हवेसाठी एक बारीक भोक असतं. वहिनीची सुई मागवून त्याने त्यातून काळा, वाळलेला चिखल काढला, ज्वारीच्या दाण्याएवढा. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. दादाने बकरीला मोठ्या सडकेपर्यंत पळवलं आणि तिथून में में करत परत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समारू त्या दाण्याकडे अजून पाहत होता. त्याने सहज, काही मनात न ठेवता, मला विचारलं, "गाडी कहूं गिरे रहिस का, भइया?" गाडी कुठे पडली होती का?

दादाही माझ्याकडे बघायला लागला. त्या क्षणी पाऊस नव्हता, हे मला आठवतं. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"नाई," मी म्हणालो. "जागची हालली नाई."

 दादा समारूकडे वळला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "धुतली तूनं. आनली तूनं. मंग हा चिखल कोनाचा?"

 समारूने झाकण पुन्हा हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"झाकन धुवाले काढलं असन, खाली ठेवलं असन," दादा म्हणाला. "माह्या बकरीत चिखल राहिला तं मी ढकलत येईन. गॅरेजात टरका आहेत बाप्पा, मानसं बसतेत त्याइच्यात. उद्या नको येऊ."

"हो सकथे," समारू म्हणाला. असेल. एवढंच. त्याने वहिनीची सुई धोतराला पुसून परत केली आणि निघून गेला.

माझ्या हातात सोमवार सकाळपर्यंतचा वेळ होता. अख्खी दुपार, अख्खी संध्याकाळ. दादा जेवला नाही, हेही मी पाहिलं. त्यालाही ते लागलं होतं. मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसलो. एकदा त्याने विचारलं, "काय आहे?" मी म्हणालो, "काही नाई." मग सोमवार आला आणि गॅरेजात दुसरा कोणी लागला. पंधरा दिवसांनी सुपेल्याचं ते झाड मोकळं दिसलं. गावाकडे गेला म्हणे. मी ऐकलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तो रोज समोर दिसणार नव्हता.

भट्टी पेटली. लग्न झालं. कुसुम पहिल्या रात्रीच हसत म्हणाली, "मी पाह्यलं होतं तुमाले. खिडकीतून. डबक्यात." तिने कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणाली, "लोक हसले असते ना तुमाले." जिच्या हसण्याला मी इतका भ्यालो होतो, तिनेच माझी लाज राखली होती. मी तिला बाकीचं काही सांगितलं नाही. तिच्या लेखी ती आमच्या दोघांची गंमत होती. मी प्रत्येक पोळ्याला पुरणपोळी कमी खायचो आणि ती म्हणायची, पोट बिघडलं का?

सात वर्षं गेली. आम्ही दोघं भाऊ कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आलो, कारखाना वाढत होता, नवी भट्टी बांधायला घेतली होती. दिवाळीच्या आधी एके संध्याकाळी कुसुम वहिनीबरोबर करंज्या करत बसली होती, मी आणि दादा बाहेर ओट्यावर. बायका हसत होत्या. कुसुमने वहिनीला डबक्याची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली, चाकं वर झालेली बकरी, माझं इकडेतिकडे पाहणं. आत वहिनी हसून हसून बेजार. बाहेर दादाही हसायला लागला आणि मधेच थांबला.

आमच्यात भासरे, म्हणजे थोरला दीर, आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. सात वर्षांत दादा कुसुमशी एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी तो दारात गेला आणि आत पाहून म्हणाला, "कोन्ता पोळा होता तो?"

कुसुमने घाईने पदर डोक्यावर ओढला आणि वहिनीकडे बघत उत्तर दिलं, "लग्नाच्या आंधीचा ना जी. तो एकच."

दादा परत येऊन बसला. आत तेलाची कढई चुरचुरत होती. मग तो म्हणाला, "मी तुले इचारलं होतं. समारूनंही इचारलं होतं. कावून नाही बोलला बे?"

  वर जी कारणं लिहिली ती कारणं आहेत, उत्तर नव्हे.

"सकाळी जाय त्याच्याकडं," दादा म्हणाला. "पहिले तू सांग. मंग मी येईन. मलेही तोंड दाखवाले जागा नाही."  दादाला रडू आवरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अहिवाऱ्याच्या सडकेने सायकलवर गेलो. चुनखडीचे ट्रक उलट येत होते, त्यांच्या धुळीने झाडं पांढरी झाली होती. पाऊस त्या साली लवकर गेला होता. धान ओंबीला आलं होतं आणि शेवटच्या पाण्यासाठी तहानलेलं होतं. समारू बांधावर सापडला. अंगाने वाळला होता, पण ओळखला मी. त्यानेही मला ओळखलं, "आ भइया" म्हणाला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आधी लोटाभर पाणी पुढे केलं. शेजारच्या शेतात एक डिझेलचा पंप बंद पडून होता, मालक दुर्गच्या मेकॅनिकची वाट पाहत बसला होता. समारू दोन दिवसांपासून डबड्याने पाणी उपसत होता. मी विचारलं, तू का नाही बघत?

तो म्हणाला, मी आता पाना धरत नाही. त्या दिवसापासून नाही. मग त्याने शांतपणे सांगितलं. मी झाकण काढून खाली ठेवलं होतं, असं मला कधीच आठवलं नाही, तो म्हणाला. फार आठवून पाहिलं. पण तुझा भाऊ चांगला माणूस, तो खोटं का बोलेल? तूही म्हणालास, हलली नाही. मग चूक माझीच. चूक झाली याचं काही नाही, सगळ्यांची होते. पण माझ्या हातांनी केलेलं मलाच कळत नसेल, तर त्या हातांनी दुसऱ्याचं यंत्र कसं उघडू?

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, पोळा, भिलाई-३, डबकं, दोनदा म्हटलेलं 'नाही', सगळं. माफी मागायची होती, पण शब्द तिथपर्यंत पोहोचलेच नाहीत. तो ऐकत राहिला, मान तिरपी करून. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं. गॅरेजबद्दल तो काही बोलला नाही. का खोटं बोललास, हेही त्याने विचारलं नाही.

"त मैं बने सुधारे रहेंव?" त्याने विचारलं. म्हणजे मी नीटच दुरुस्त केली होती?

"हो," मी म्हणालो. "एकदम बने."

त्याने आणखी एकदा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग तो बांधावर बसला आणि शेजारच्या शेतातल्या त्या बंद पंपाकडे पाहत राहिला. उठला मात्र नाही.